दोन मिलिसेकंद

"पाकीट फाडू नकोस. कात्रीनं काप," केळुसकर सर म्हणाले.

तौफिकनं हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं आणि कात्री शोधायला लागला. तीन खण उघडून झाले. एकात जुन्या परिषदांचे बिल्ले, एकात चहाच्या पुड्या, एकात नुसती धूळ. शेवटी मीच माझ्या पर्समधली नखं कापायची बारकी कात्री काढून दिली. देताना ती माझ्या हातून निसटून खाली पडली. ते बघून तौफिक हसला.

"वृषालीताई, तुम्ही तर माझ्याहून गळपटलाय."

गळपटले होतेच. फक्त त्याला वाटत होतं त्या कारणानं नाही.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही तिघं काम करत होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, ओळखायचं त्यांनी ओळखावं. केळुसकर सर आमचे मार्गदर्शक. तौफिक मुजावर मिरजेचा, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला, हुशार आणि तोंडाचा फटकळ. आणि मी, तांबट आळीतल्या वडक्यांची वृषाली. पाच वर्षं होऊन सहावं लागलं होतं, पीएचडी संपत नव्हती आणि घरातले आता "कधी होणार" हे विचारायचेसुद्धा बंद झाले होते.

आमचं काम असं, की कुठंतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरता फिरता धडकून एक झाली. त्या धडकेच्या गुरुत्वीय लहरी इतक्या लांबून इथवर पोचल्या आणि परदेशातल्या वेधयंत्रांनी टिपल्या. धडकेतून जे नवं कृष्णविवर तयार होतं, ते थोडा वेळ घुमतं. थोडा म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. मग गप्प. ते कुठल्या पट्टीत घुमणार हे आइनस्टाइनच्या सिद्धांतावरून आधीच काढता येतं. मग आलेल्या लहरींतली खरी पट्टी मोजायची आणि दोन्ही ताडून बघायचं. जुळलं तर आइनस्टाइन पास. नाही जुळलं, तर केळुसकर सर पास.

सर मूळचे वेंगुर्ल्याचे. गुरुत्वाकर्षणाचा त्यांनी स्वतःचा एक सिद्धांत मांडला होता आणि सव्वीस वर्षं एकट्यानं सांभाळला होता. सूर्य, पृथ्वी, सगळीकडे तो आइनस्टाइनसारखंच उत्तर द्यायचा. फक्त कृष्णविवराच्या अगदी जवळ तो वेगळा पडायचा. त्याप्रमाणे नवं कृष्णविवर सहा टक्के खालच्या पट्टीत घुमायला हवं. लोक त्याला 'केळुसकरांचे सहा टक्के' म्हणायचे. तोंडावर नाही, चहाच्या रांगेत. एका परिषदेत सरांचं भाषण सुरू झालं आणि मागच्या चार रांगा उठून खायला गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सर शेवटपर्यंत बोलले. बोलून झाल्यावर मला म्हणाले, "समोसे गरम असणार, त्यांचं चुकलं नाही." मला तेव्हा रडू आलं होतं.

आता त्यांना निवृत्तीला तीन महिने उरले होते. आणि नेमका तेव्हा हा सिग्नल आला. आतापर्यंतचा सगळ्यात ठसठशीत. "यात नाही दिसलं तर माझं दुकान बंद," सर म्हणाले होते. "फळीसुद्धा मीच लावीन."

या कामात सगळ्यात मोठा धोका म्हणजे माणसाला जे हवं तेच दिसतं. म्हणून सरांचा नियम फार कडक. खरा सिग्नल आला की तौफिकनं तो संगणकात कुलूपबंद करायचा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालायचा, पाकिटाच्या तोंडावर तिघांच्या सह्या, आणि पाकीट सरांच्या लोखंडी कपाटात. मग संगणकावर बनवलेले खोटे सिग्नल घेऊन पद्धत बसवायची. पद्धत पक्की झाली की ती कागदावर लिहून पुन्हा तिघांच्या सह्या. त्या कागदाच्या तळाशी सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली असायची: 'उत्तर काहीही आले तरी पद्धत बदलणार नाही.' मगच पाकीट उघडायचं. स्वतःचा जीव ज्या उत्तरात अडकलाय, त्यालाच कुलूप लावून बसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तौफिकनं पाकीट कापलं, पासवर्ड टाकला आणि प्रोग्रॅम सुरू केला.

"वीस मिनिटं," तो म्हणाला.

सर खिडकीशी उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, खिशाला नवं पेन. मला त्यांच्याकडे बघवेना. मी आपली पडद्यावरचा पुढं सरकणारा आकडा बघत बसले. बारा टक्के. एकतीस टक्के. तौफिक मध्येच म्हणाला, "सर, चहा आणू?" सर म्हणाले, "नको. नंतर गोड की कडू ते ठरवू."

अकरा वाजून बावीस मिनिटांनी उत्तर आलं. तौफिकनं ते आधी मनात वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"वाच," सर म्हणाले.

"सर, पट्टी खाली आहे. सहा पूर्णांक एक दशांश टक्के. चूक धरली तर इकडेतिकडे दीड टक्का."

सर हळूच खुर्ची ओढून बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पाणी दे रे थोडं."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "सहा वाजता सगळ्या देशांतल्या गटांची ऑनलाइन सभा आहे. तिथं मी सांगेन. तोवर बाहेर एक शब्द नाही. आईलासुद्धा नाही." आणि मग, अगदी हळू, "पोरांनो, तुम्ही केलंत."

तौफिकचे डोळे भरले होते. तो माझ्याकडे वळला. मी हसले. कसं हसले माझं मला माहीत.  मी म्हटलं, "मी जरा घरी जाऊन येते, सर. आईनं बोलावलंय." आईनं काही बोलावलं नव्हतं.

आता सांगते.

नवं कृष्णविवर घुमायला लागतं ते नेमकं कधी, हे कुणाला ठाऊक नसतं. धडक झाल्याझाल्या जो गोंधळ असतो तो धडकेचा. तो ओसरला की मग खरं घुमणं. मोजायला लवकर सुरुवात केली तर गोंधळ आत शिरतो आणि पट्टी खोटीच खाली दिसते. उशिरा केली तर आवाज इतका बारीक झालेला असतो की मोजमापात अर्थ राहत नाही. सुरुवात किती मिलिसेकंदांनी करायची, हे खोट्या सिग्नलांवर ताडून ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

सिग्नल आला त्याच दिवशी मी तो माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. कुलूप लावताना तौफिकनं विचारलं, "आपापल्या प्रती पुसल्या ना सगळ्यांनी?" मी म्हटलं, हो. खरं तर विसरले होते. तेव्हा खरंच विसरले होते. तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी ती फाइल समोर दिसली आणि मी ती पुसली नाही. दार लावलं आणि चालवून बघितली.

दोन मिलिसेकंदांपासून मोजलं तर सहा टक्के. तीनपासून मोजलं तर साडेतीन. चारपासून मोजलं तर एक टक्का, आणि चूक पाच टक्क्यांची, म्हणजे आइनस्टाइन जिथल्या तिथं.

खोटे सिग्नल मी चाळीस केले होते. त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं होतं की दोन फार लवकर आहे, चार घ्या. चौदा असे निघाले, की ज्यांत दोनही चालून जात होतं. मी तक्त्यात ते चौदाच घातले. खाली लिहिलं, 'सुरुवात: दोन मिलिसेकंद.' तौफिकनं सही केली. सरांनी सही केली. मी केली.

का केलं? स्वतःची पदवी सुटावी म्हणून केलं, हे आहेच. खोटं कशाला बोलू. पण त्या रविवारी मला पदवी आठवली नव्हती. मला ते समोसे आठवले होते.

तांबट आळीत आले तेव्हा दीड वाजला होता. आमच्या आळीत शिरलं की ठोक्यांनी कान भरतात, बाहेरचा माणूस दोन मिनिटांत डोकं धरतो. मला त्याशिवाय झोप लागायची नाही लहानपणी. आबा, माझे वडील, कारखान्यात होते. कारखाना म्हणजे घराखालची खोली, भट्टी, ऐरण आणि भिंतीला टांगलेले हातोडे. भोरचे एक गृहस्थ स्टुलावर बसले होते. मुलीच्या लग्नात द्यायला त्यांनी तांब्याचा मोठा हंडा सांगितला होता, तो न्यायला आले होते.

"आज लवकर?" आबांनी माझ्याकडे न बघता विचारलं. "आज तुमचं ते पाकीट उघडायचं होतं ना?"

"उघडलं."

"मग?"

"सरांचं बरोबर आलं."

आता आबांनी वर पाहिलं. "मग तोंड का असं?"

"ऊन लागलं."

आबा कामाकडे वळले. हंडा दोरीला टांगून त्यांनी लाकडी मोगरीनं त्याच्या पोटावर एक टोला दिला. खोली घणाणली.

"वा," भोरचे गृहस्थ म्हणाले, "काय आवाज आहे."

"थांबा जरा," आबा म्हणाले. "हा टोल्याचा आवाज झाला. भांड्याचा अजून यायचाय."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. दर गिऱ्हाइकाला आबा तेच सांगायचे. पण त्या दिवशी मी दारातच थबकले. सहा वर्षं शिकून मी संगणकावर जे चाळीस वेळा ताडून बघितलं, ते मला सात वर्षांची असताना माहीत होतं. दोन लवकर आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

टोल्याची घणघण ओसरली. मग हंडा बोलला. अर्धा क्षण गोल, आणि मग बारीक चिरका, कर्र असा. भोरच्या गृहस्थांना तो ऐकूच आला नाही. आबांनी मान तिरकी केली, पुन्हा टोला दिला, पुन्हा थांबले.

"सांध्याला डाख नीट बसला नाही, जोड कुठंतरी सुटा राहिलाय," ते म्हणाले. "आज नाही देता येणार."

"अहो मिस्त्री, परवा हळद आहे. पाणीच तर भरायचंय. मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुम्हाला नाही आलं, खरंय."

"मग द्या की. चालतंय मला."

"तुम्हाला चालेल हो," आबा म्हणाले. "मला ऐकू आलंय ना आता."

गृहस्थ कुरकुरले, मग उद्या संध्याकाळी येतो म्हणून गेले. आबांनी तीन दिवस खपून केलेला तो हंडा खाली उतरवला आणि भट्टीकडे नेला. चेहऱ्यावर ना राग ना दुःख. जेवायला उठलेल्या माणसासारखे उठले.

"आबा, तुमच्या हातचाच ना तो?" मी विचारलं.

"मग? दुसऱ्याचा असता तर मला काय पडलं होतं?"

मी पाणीसुद्धा न पिता परत निघाले. स्कूटरवर सगळा रस्ता मनात वाक्यं जुळवत होते. नुसतं "सुरुवात चुकली" असं म्हणून भागणार नव्हतं. सरांचाच नियम आडवा येत होता: उघडल्यावर पद्धत बदलायची नाही. उत्तर बघून झाल्यावर कुणी म्हणालं की आता दोनऐवजी चार घेऊ, तर तीच लबाडी ठरते. पद्धत मोडायला एकच वाट होती. पाकीट कधी बंदच नव्हतं, हे सांगायचं. म्हणजे माझं नाव सांगायचं.

साडेतीन वाजता मी सरांच्या खोलीचं दार वाजवलं. ते उभं राहून भाषणाची तालीम करत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात ६.१ लिहिलं होतं.

"ये. ऐक जरा, सुरुवात कशी वाटते सांग."

"सर, मी सिग्नल आधी बघितला होता."

त्यांनी हातातला कागद खाली केला. मी थांबलेच नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. फाइल, रविवार, दोन, तीन, चार, सगळं भडाभडा ओकले.  मी संपवलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"चारला किती म्हणालीस?"

"एक टक्का. चूक पाच."

"तीनला?"

"साडेतीन."

"म्हणजे धडकेचा गोंधळ. दुसरं काही नाही." ते खुर्चीत बसले. "तौफिकला माहीत आहे?"

"नाही. त्याचा काही संबंध नाही, सर. सगळं माझं."

ते फळ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"खोटे सिग्नल चाळीस केले होतेस ना तू?"

"हो."

"तक्त्यात चौदा होते."

मी फळ्यावरच्या ६.१ कडे बघितलं.

"मी सही करताना मोजले होते," सर म्हणाले. "सव्वीस वर्षं मी हेच करतोय, वृषाली. दोन मिलिसेकंद लवकर आहे हे तुला कळतं आणि मला कळत नाही, असं वाटलं तुला?"

"मग तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

खाली कुणीतरी सायकल लावत होतं, त्याचा स्टँड खणकन वाजला. सरांनी खिशातलं नवं पेन काढलं, बघितलं, परत खिशात ठेवलं.

"मला वाटलं, चौदाला काही कारण असेल. असं मी स्वतःला सांगितलं. तुझ्यापेक्षा माझं शिक्षण जास्त, म्हणून मी स्वतःला जास्त चांगलं सांगू शकलो." मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "दोन, तीन, चार, तिन्ही आकडे एका आलेखावर घे. चाळीसच्या चाळीस खोटे सिग्नल खाली मांड. साडेपाचला मला पाहिजे."

"सर, सभेत मी..."

"आधी आलेख."

सहाला पाच कमी असताना आम्ही तिघं सरांच्या खोलीत बसलो. प्रत्येकाचा वेगळा लॅपटॉप, प्रत्येकाचा माइक बंद. तौफिकला सरांनी काय आणि किती सांगितलं मला माहीत नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, एवढं मात्र खरं. पडद्यावर सत्तर-ऐंशी चौकोन होते. हे लोक कुठल्या कुठल्या देशांतले, पण आज सगळे आले होते, कारण 'केळुसकरांचे सहा टक्के' आज लागणार किंवा बुडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सरांची पाळी आली. त्यांनी आलेख दाखवला. "दोन मिलिसेकंदांपासून मोजलं तर माझा सिद्धांत बरोबर ठरतो," ते म्हणाले, "आणि ते मोजमाप चुकीचं आहे." चार मिनिटांत त्यांनी स्वतःचं सव्वीस वर्षांचं काम उलगडून खाली ठेवलं. आवाज कुठं चिरकला नाही. या सिग्नलात आइनस्टाइनपासून वेगळं काही दिसत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणजे कुणाला शंका राहू नये.

मग एका चौकोनातला माणूस म्हणाला, "प्रोफेसर, पण दोन मिलिसेकंद ठरलंच कसं? तुमच्याकडे तर कुलूपबंद पद्धत होती ना?"

"आमच्या गटात पद्धत ठरण्याआधी सिग्नल बघितला गेला होता," सर म्हणाले. "कुलूप पाळलं गेलं नाही. ही पद्धत माझ्या सहीनं गेली. जबाबदारी माझी."

कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं. त्याचं हसणं ऐकू आलं, बारीकसं, नाकातलं.

सरांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला. एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. आणि गप्प बसले. पडद्याकडे बघत, काहीच न बोलता. मला वाटलं, भरून आलंय त्यांना. माझं बोट माइकच्या बटणावर होतं. बटण म्हणजे काय, एक चित्र. त्यावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, 'सर नाही, मी बघितला.' तीन-चार शब्द. मी मनातल्या मनात ते म्हणूनही पाहिले. मग माझ्या डोक्यात आलं, की आता मध्येच बोललं तर सरांना अजूनच अवघड होईल. त्यांना सावरू दे आधी. असं मी स्वतःला सांगितलं. माझंही शिक्षण काही कमी नव्हतं.

"पुढचा प्रश्न," सर म्हणाले.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही. म्हाताऱ्यानं निवृत्तीआधी स्वतःच्या सिद्धांतासाठी कुलूप फोडलं आणि अंगाशी आल्यावर कबूल केलं, हे सगळीकडे झालं. कुणी लिहिलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. सरांना निरोप समारंभ नको होता, संस्थेनंही आग्रह केला नाही. त्याच आलेखातून, चाळीस खोट्या सिग्नलांतून, 'लवकर मोजलं तर काय घोटाळा होतो' यावर माझा प्रबंध झाला. लोकांनी तो वाचला. परदेशात तीन वर्षं मिळाली, मग परत येऊन नोकरी. मला बोलवतात ते काटेकोर कामाबद्दल बोलायला. तौफिकनं मात्र त्याच वर्षी क्षेत्र बदललं. जाताना पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, तुमचं काही राहिलंय का माझ्याकडे, बघून घ्या." एवढंच बोलला.

सरांना मी दरवर्षी दिवाळीला फोन करायची. गणपतीला, वाढदिवसाला. भेटायला मात्र मी कधी गेले नव्हते. गेल्या मे महिन्यात त्यांना भेटायला गेले. वेंगुर्ल्याच्या बाहेर त्यांचं घर, मागं काजूची दहा-बारा झाडं. सर वाळले होते, पण जीभ तीच. मला बघून म्हणाले, "ये गो. खुर्ची घे, ती पाय मोडलेली सोडून." नव्या सिग्नलांबद्दल विचारत राहिले. आता त्यांचे सहा टक्के पार निकालात निघालेत, एका शंकेलाही जागा नाही, आणि ते त्यांनी स्वतः मोजून बघितलं होतं. "चार मिलिसेकंदांपासूनच धरलं हो मी," म्हणाले.

सोलकढी पिऊन झाली. मी नऊ वर्षं साठवलेलं विचारलं.

"सर, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

 त्यांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"ते मी कसं सांगणार? तू मला खोलीत येऊन सांगितलंस, ते तुझं होतं. माझं होतं ते मी सांगितलं." मग त्यांनी हातातला रिकामा पेला बाजूच्या स्टुलावर ठेवला. "तुझ्यासाठी थांबलो होतो की मी. पाणी पिऊन झाल्यावर. आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं.

"मला वाटलं, बोलशील." एवढं म्हणून ते झाडांकडे वळले आणि यंदा काजू कसा गेला ते सांगायला लागले. बोलण्यात राग नव्हता. असता तर मला परतीच्या गाडीत झोप लागली असती.

त्या सभेचं रेकॉर्डिंग अजून आहे. परत आल्यावर मी ते शोधून काढलं. चित्र धूसर आहे, आवाज स्वच्छ आहे. सर म्हणतात, "जबाबदारी माझी." ते हसू येतं. पेला खाली ठेवल्याचा टक असा आवाज येतो. तिथून मी मोजलं.

एकोणीस सेकंद कुणीही बोलत नाही. मग सर म्हणतात, "पुढचा प्रश्न."